कोरडा चमचा

सोलापूर,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. दादा,

तुला आणि मालतीवहिनींना नमस्कार, तोही उभ्याउभ्याच. हल्ली माझं बूड एका जागी टिकत नाही. हे पत्रसुद्धा ओट्यावर कागद ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. वहिनींनी पाठवलेलं मेतकूट पोचलं. तुझा गुडघा काय म्हणतो? निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी कारखान्याचा भोंगा वाजला की तू घड्याळाकडे बघतोस, असं वहिनी सांगत होत्या. मला हसू आलं, कारण अण्णांचा मुलगा दुसरं काय करणार!

फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर तू 'हं, हं' करतोस, मागे बातम्या चालू असतात, आणि मी मुद्द्यावर आले की अकलूजची रेंज जाते. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तर बातमी अशी, की तुझी बहीण छप्पन्नाव्या वर्षी बाहेरचं खायला लागली आहे. वहिनींना आधी पाणी आणायला सांग.

तुला आपल्या घरचे वार आठवतात ना? सोमवारी मूग, मंगळवारी बटाटा, बुधवारी मेथी, गुरुवारी पिठलं, शुक्रवारी मटकी, शनिवारी खिचडी आणि रविवारी वांगं. अण्णा कोर्टातून आले की चपला काढता काढता वासावरून वार सांगायचे आणि तो बरोबर निघाला की निवांत व्हायचे. आईला एकदा काय हुक्की आली, तिने बुधवारी वांगं केलं. अण्णा मुकाट्याने जेवले, पण गुरुवारी सकाळी त्यांनी कोर्टातल्या नकलेवर सोमवारची तारीख टाकली आणि दोष मात्र शेवटपर्यंत वांग्याला दिला.

आणि तिरुपती? चार दिवस पुरतील एवढ्या दशम्या घेऊन गेलो होतो आपण. देवाचा लाडू तेवढा खाल्ला, कारण देवाला नाही म्हणता येत नव्हतं. द्रोणात पिवळा भात मिळाला होता, आठवतो? आईने तो झाकून खांबापाशी ठेवला आणि म्हणाली, "आपल्याला सोसत नाही." दादा, मला आता सारखं विचारावंसं वाटतं, की कुणी सोसून बघितलं होतं? लग्नात पंगतीला बसलो तरी आपण चौघं वरणभात खाऊन उठायचो. डोसा सोसत नाही, कारण पीठ आंबवलेलं. शेजारच्यांचे धपाटे सोसत नाहीत, कारण लसूण. पुढेपुढे तर मी पदार्थाचं नाव ऐकायच्या आधीच 'सोसत नाही' म्हणायला लागले. माझं अख्खं आयुष्य सोलापुरात गेलं आणि दोन गल्ल्यांपलीकडे लोक काय जेवतात, हे मला ठाऊक नव्हतं.

सुरुवात श्रावणात झाली. मतदार यादीच्या कामाला आम्हा शिक्षकांना घरोघरी पाठवलं होतं, त्यात मला पूर्वभाग आला. शुक्रवार होता. सकाळी चहावर निघाले होते आणि साडेबारा वाजले तरी पोटात काही नव्हतं. गल्लीभर मागांचा खडखडाट, डोक्यावर ऊन. एका दारात फॉर्म भरता भरता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी उंबऱ्यातच बसले. घरातल्या बाईने मला आत घेतलं, पाट दिला, पाणी दिलं आणि ताटलीत पिवळा भात वाढला. त्यांच्याकडे श्रावणी शुक्रवारचा नैवेद्य होता. नको म्हणायची ताकद नव्हती. मी हाताने खाणार होते, पण तिने चमचा पुढे केला आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली.

त्या भाताबद्दल आत्ता जास्त लिहीत नाही. सगळा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. मिरची होती.

त्यानंतर मला जे काही झालंय, ते तुला वेड वाटेल. आमच्या शाळेतले क्लार्क गुरुबसप्पा अक्कलकोटकडचे. त्यांच्या घरी मी आपणहून जेवायला गेले, आमंत्रणाशिवाय! त्यांच्या आई "ऊटा माडरी, ऊटा माडरी" (जेवा, जेवा) करत वाढतच राहिल्या. गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, खाल्ली आणि एण्णगायी खाल्ली. ते आपलं भरलं वांगंच, पण त्यात तीळ, कारळं आणि इतकं तेल, की अण्णांनी नुसतं बघून दोन दिवस लंघन केलं असतं. शेजारच्या उर्दू शाळेतल्या मॅडमनी डबा उघडला तर मी सरळ वाटी पुढे केली. "खाके तो देखो जी, सादाच है," म्हणाल्या. बगारा भात आणि खट्टी दाळ. खडा मसाला दाताखाली आला तरी थुंकला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. एक घर झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. पोटाला काहीही होत नाही. काही व्हावं म्हणून वाट बघते आहे असंच वाटतं कधीकधी, म्हणजे निदान आपलं म्हणणं खरं ठरेल.

तू म्हणशील, मग आनंद आहे की! आनंद असता तर बसून लिहिलं असतं. मी एखाद्याच्या घरी जेवते, तोंडभर कौतुक करते आणि बाहेर पडले की काहीतरी विसरल्यासारखं अर्ध्या रस्त्यातून मागे वळून बघते.

एक विचारायचं होतं. अण्णा कोर्टात नकला तपासायचे. मूळ कागद आणि नक्कल शब्दन्शब्द ताडून बघितल्याशिवाय 'नक्कल बरोबर' लिहून सही करायचे नाहीत, असं आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी कधी न बघता सही केली असेल का रे? तू मोठा, तुला जास्त आठवत असेल. असू दे, उगीच विचारलं.

भाऊबीजेला येते, तेव्हा बोलू.

तुझी,
चेतना

ता. क. दोन तास झाले, कुकर लावायचा राहिला. आज रविवार असून वांगं केलेलं नाही, एवढं अण्णांच्या फोटोला सांगून टाकलं.


सोलापूर,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,

भाऊबीजेला तुला ओवाळलं, पोटभर जेवले, वहिनींबरोबर रांगोळीचे रंग आवरले आणि जे बोलायला आले होते ते न बोलता एसटीत बसले. टेंभुर्णीला बस अर्धा तास थांबली, तेव्हा उतरून परत अकलूजची गाडी पकडावी असं तीनदा वाटलं.

मी गप्प का बसले, तर तुझ्यामुळे. म्हणजे तुझा दोष नाही. मी डब्यातून एण्णगायी आणली होती. तू झाकण उघडलंस, वाकून वास घेतलास, झाकण लावलंस आणि म्हणालास, "आपल्याला सोसत नाही गं." अगदी गोड आवाजात. तुझ्याकडे बघताना मला माझाच हात दिसला, झाकण लावणारा. मग माझ्याने बोलवेना. (वहिनींनी नंतर स्वयंपाकघरात बोट बुडवून चाटलं. दोनदा. मी पाहिलं आहे. त्यांना रागावू नकोस.)

आता सरळ लिहिते. खुर्चीवर बसले आहे आणि सगळं लिहून होईपर्यंत उठणार नाही असं ठरवलं आहे.

श्रावणातल्या त्या शुक्रवारी मला पाट देणारी बाई कोण, हे मी तुला लिहिलं नव्हतं. तिचं नाव महेश्वरी. आमच्या शाळेत मधला लॉकडाऊन सोडून सहा वर्षं मुलांचा पोषण आहार तीच शिजवत होती. बचत गटातल्या चार बायका होत्या, त्यांत ही मुख्य.

शाळेत असा नियम आहे, की मुलांना वाढण्याआधी अर्धा तास एका शिक्षकाने अन्नाची चव घ्यायची, चव नोंदवहीत शेरा लिहायचा आणि सही करायची. हे काम माझ्याकडे होतं. रोज अकराच्या सुमाराला महेश्वरी झाकलेली वाटी आणि चमचा माझ्या टेबलावर आणून ठेवायची. आणि दादा, सहा वर्षांत मी एकदाही चव घेतली नाही. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, 'चव उत्तम' लिहायचं, सही ठोकायची. वाटी आमचा शिपाई मायाप्पा संपवायचा. कोर्टातल्या त्या माणसाची मी मुलगी.

शुक्रवार, १ एप्रिल २०२२. दुसऱ्या दिवशी पाडवा, म्हणजे महेश्वरीकडची उगादी. मुलं दोन वर्षांनी पुन्हा पंगतीत बसून जेवायला लागली होती, म्हणून तिने आपल्या मनाने घरची चिंच आणि घरचे शेंगदाणे आणून पुलिहोरा केला. पुलिहोरा म्हणजे चिंचेच्या कोळातला भात, वर फोडणी. तिरुपतीच्या द्रोणातला तोच. मी झाकण उचललं. हिंगाचा वास, वाटलेल्या मोहरीचा वास आणि आंबट. आपल्या घरी आंबट असायची ती आमटी नाही तर कढी. भाताला आंबट वास आला म्हणजे तो कालचा. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी लिहिलं, 'भात आंबलेला आहे. मुलांना देऊ नये.'

मुख्याध्यापक वीरभद्रप्पा सर धावत आले. त्याच आठवड्यात कुठल्याशा गावी मुलांना जेवणातून बाधा झाल्याची बातमी होती, त्यामुळे ते घाबरले होते. त्यांनी विचारलं, "बाई, चव घेतलीत ना?"

मी म्हटलं, "घेतली."

हे मला तुला सांगायचं होतं. चव न घेणं हा आळस म्हण, सवय म्हण, घरचं वळण म्हण. पण त्या क्षणी मी खोटं बोलले. महेश्वरी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पदराला हात पुसले.

बाहेर व्हरांड्यात मुलं ताटं घेऊन बसली होती. निम्मी मुलं पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरांतली. पातेल्यावरचं झाकण हललं तसा त्यांच्यात आनंदाचा गलका उठला होता, "पुलिहोरा! पुलिहोरा!" पहिलीच्या पोरांनी जे ओळखलं ते मला ओळखता आलं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत ते पातेलं उचललं आणि मागच्या खड्ड्यात ओतलं. मुलांना बिस्किटांचे पुडे वाटले. एक मुलगी पुडा न फोडता ताटातच ठेवून बसली होती, ती मला अजून दिसते. आठ दिवसांत बचत गटाचं काम काढून घेतलं. मी त्याच्या पुढच्या सोमवारपासून पुन्हा दुसऱ्या गटाच्या वाटीचं झाकण उचलायला लागले.

श्रावणात ताटली समोर आली आणि तो वास मी लगेच ओळखला. पहिला घास घेतला आणि कळलं. भाताला काही झालेलं नव्हतं. दादा, तो फार चांगला होता. मिरची होती असं मी तुला लिहिलं, ते खोटं. मिरची बेताचीच होती.

त्यानंतर मी जी गावभर खात सुटले, ते कशासाठी, तर आणखी किती गोष्टी मी न चाखता नासक्या ठरवल्या, ते बघायला. निदान मला तरी तसं वाटतं. मात्र महेश्वरीच्या गल्लीत पाय वळत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत स्वयंपाकी मदतनिसाची जागा निघाली. महेश्वरीने अर्ज केला. सरांनी तो बाजूला ठेवला. म्हणाले, "तिच्या नावावर शेरा आहे." शाळा व्यवस्थापन समितीची बैठक १५ तारखेला, शनिवारी आहे. शिक्षकांतर्फे त्या समितीत कोण बसतं? मीच.

परवा शुक्रवारी मी तिच्याकडे गेले. ती दारात टॉवेलच्या दशा वळत बसली होती. एका टॉवेलला किती दशा असतात ते बघ कधीतरी. तिने काम थांबवलं नाही.

मी म्हटलं, "महेश्वरी, तुला एक सांगायचंय. नोंदवहीत त्या दिवशी..."

"तुमीच लिवलं. मला ठावं हाय की. सातवीपत्तूर मराठी शाळंत शिकले मी."

"मी चव घेतली नव्हती गं."

"ते बी ठावं हाय."

मला वाटलं, मायाप्पाने सांगितलं असणार. तसं विचारलं तर ती पहिल्यांदा मान वर करून बघायला लागली.

"मायाप्पा कशाला सांगंल? वाटी-चमचा धुवायला माझ्याकडंच यायचा की, बाई. वाटी चाटूनपुसून रिकामी आन् चमचा कोरडा. मायाप्पा बोटानं खायाचा. सा वर्सं रोज कोरडा चमचा धुतलाय मी."

मी विचारलं, तू बोलली का नाहीस? तर म्हणाली, "काय बोलायचं? मला वाटायचं, आमच्या हातचं तुमास्नी चालत न्हाई. तसे बी लई जन हायती."

"तसं नाही गं," मी घाईघाईने म्हटलं.

"मग कसं?"

एवढंच तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही आणि आज दोन दिवस झाले तरी देता येत नाही. तू देऊन बघ. आपल्या घरात कुणी कधी विटाळ हा शब्द उच्चारला नाही, यावर आपण केवढा मान ताठ ठेवतो. उच्चारायची गरजच काय होती? 'सोसत नाही' म्हटलं की सगळं भागत होतं. मी स्वतःला सांगत आले, की मला फक्त चवीची भीती वाटते. पण बिस्किटाच्या पुड्याची कधी वाटली नाही. दुकानातल्या फरसाणाची वाटली नाही. समोर उभ्या असलेल्या बाईच्या हातचीच वाटली.

मग ती आपणहून बोलत राहिली, दशा वळता वळता. गटातल्या बायकांनी तिलाच बोल लावला. सासूने म्हटलं, हाताची चव गेली हिच्या. "दोन उगादी मी पुलिहोरा केलाच न्हाई. मलाच वाटाया लागलं, माझं नाकच गेलंय का काय. हाताची खात्री ऱ्हायली न्हाई बगा." यंदा तिच्या मुलीने हट्ट केला म्हणून तिने पुन्हा हात घातला.

मी विचारलं, "मग श्रावणात मला का वाढलंस?"

"दारात चक्कर यून बसला की तुमी. घरात जे हुतं ते दिलं. चमचा मातुर मुद्दाम दिला. बसून बगत हुते." तिने दशेला पीळ घातला. "पैल्यांदा तुमचा चमचा वला झालेला बगितला. म्हनलं, आता ह्या बाई सांगत्याल साळंत. श्रावन गेला, दसरा गेला, दिवाळी बी गेली."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले तरी असते.

आता तू काय लिहिशील ते मला पाठ आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. एक सही खोटी होती असं कबूल केलं, की आजवरच्या सगळ्या सह्या खोट्या. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, आणि अण्णांचं नाव. सगळं खरं आहे. ते महेश्वरीलाही कळतं. निघताना ती म्हणाली, "तुमची बी नोकरी हाय म्हना," आणि मला उंबऱ्यापर्यंत सोडायला आली. ते मला सर्वांत जास्त लागलं.

सल्ला मागण्यासाठी हे लिहीत नाही. तू नको म्हणालास तरी मी १५ तारखेला बोलणार, असं आत्ता वाटतं आहे. उद्या वाटेल की नाही याची खात्री नाही, म्हणून आजच तुला लिहून ठेवते. निदान एका माणसाला ठाऊक असलं म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

खुर्चीवरून उठले नाही, बघ.

चेतना


सोलापूर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

महेश्वरीबाई यांस,

नमस्कार. शाळेत तुम्हाला मी सहा वर्षं 'अगं महेश्वरी' म्हणत आले, तुम्ही मला 'बाई' म्हणत राहिलात. आज लिहायला बसले आणि 'अगं' लिहिताना हात अडखळला, म्हणून असं लिहिते आहे. हे पत्र गुरुबसप्पांच्या हाती पाठवते. मी स्वतः आले असते, पण मी आले की तुम्ही पाट मांडाल, पाणी द्याल, आणि मग माझं बोलणं पुन्हा अर्धवट राहील.

काल बैठकीच्या वेळी तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसला होता. दार लावलेलं होतं, म्हणून आत काय झालं ते तुम्हाला सांगणं माझ्यावर आहे.

तुमचा अर्ज निघाला तेव्हा सरांनी जुनी नोंदवही उघडून माझा शेरा वाचला. मी उभी राहिले आणि म्हटलं, हा शेरा खोटा आहे. मी त्या दिवशी चव घेतली नव्हती. त्या दिवशीच काय, कधीच घेतली नव्हती. सर म्हणाले, "बाई, खाली बसा, तुमची तब्येत बरी दिसत नाही." मी बसले नाही. लेखी निवेदन नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. मला वहीतला तो शेरा खोडायचा होता, पण सरांनी हात धरला. रेकॉर्डमध्ये खाडाखोड चालत नाही म्हणाले. ते त्यांचं बरोबर होतं. तो शेरा तसाच राहील, त्याच्यासोबत आता माझं निवेदन जोडलेलं असेल.

पालकांतर्फे आलेल्या एक बाई आहेत, अंकिताची आई. त्यांनी विचारलं, "म्हणजे आमच्या पोरांचं चांगलं अन्न फेकून दिलं तुम्ही?" मी हो म्हटलं. याच्याइतकं साधं उत्तर मी या शाळेत आजवर दिलं नव्हतं.

समितीने तुमचा अर्ज मंजूर केला आहे. एक डिसेंबरपासून काम. पत्र सर उद्या देतील. ही जागा मी मिळवून दिली असं कृपा करून समजू नका आणि कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. मी तुमचं हिसकावून घेतलं होतं, त्यातलं थोडं परत ठेवलं आहे. तीन वर्षं आणि दोन उगादी माझ्याकडेच राहिल्या. त्या परत करता येत नाहीत. गटातल्या बायकांना आणि तुमच्या सासूबाईंना निवेदनाची प्रत दाखवा. दोन प्रती सोबत आहेत. खाली सही माझीच आहे आणि या वेळी वाचून केली आहे.

मला सात दिवसांत खुलासा द्यायचा आहे. पुढे चौकशी होईल. काय होईल ते माहीत नाही. भीती वाटते, हे तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही त्याचं ओझं घेऊ नका. बैठकीआधीच हे सगळं मी भावाला पत्राने कळवलं होतं, ते मिळाल्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, बराच वेळ गुडघ्याबद्दल बोलला आणि मग हळूच विचारलं, त्या भाताला चिंच किती घालतात. मी सांगितलं, मला ठाऊक नाही, विचारून सांगते. जमलं तर सांगा.

तुम्ही विचारलं होतं, "मग कसं?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते. तसंच होतं. मी कधी तोंडाने म्हटलं नाही, मनातही शब्द येऊ दिला नाही, पण तसंच होतं. तुम्हाला जे वाटत होतं ते बरोबर होतं आणि तरी तुम्ही मला रोज वाटी भरून देत होता. मला त्याची फार लाज वाटते. माफ करा असं लिहिते आहे. करायलाच हवं असं काही नाही.

एक मागणं आहे. चव घ्यायचं काम आता माझ्याकडे राहणार नाही आणि राहूही नये. पण चौकशी संपेपर्यंत मी शाळेत असेन. एक तारखेला मुलांच्या पंगतीत, अगदी शेवटच्या ताटापाशी बसेन. वाढून झाल्यावर उरलं तर वाढा. चमचा देऊ नका, मी हाताने खाईन.

तीन वर्षांपूर्वी वहीत जे लिहायला हवं होतं ते इथे लिहिते. त्या वहीत आता जागा नाही.

दिनांक : १ एप्रिल २०२२
पदार्थ : पुलिहोरा
शिजवणाऱ्या : महेश्वरी
शेरा : भात ताजा आहे. चिंचेमुळे आंबट आहे. चव उत्तम. मुलांना आधी वाढावा. चव उशिरा घेतली.

चव घेणाऱ्याची सही :
चेतना वेणीमाधव देगावकर